कांद्याचं मीम होतं, फीचं होत नाही

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेचाळीस माणसं आहेत. निम्मी डोंबिवली, ठाणे, पुण्याची, एक भाचा न्यू जर्सीला. उरलेली निफाड तालुक्यात, लासलगावच्या आसपासच्या दोन-तीन गावांत. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला दीडशेचा आकडा ओलांडला तेव्हा या ग्रुपवर चार दिवस नुसता धुमाकूळ होता. सोनाराच्या लाल मखमली डबीत ठेवलेला टोमॅटो. रुखवतात मांडलेले टोमॅटो. बँकेच्या लॉकरमधून टोमॅटो काढणाऱ्या आजीबाई. मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या आपल्या दुकानांत बर्गरमधून टोमॅटो काढून टाकल्याची बातमी आली तेव्हा तर भाच्याला तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील, तरी त्याने हसून लोळणारे सात चेहरे टाकले. मीही दोन मीम्स पुढे ढकलली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी रात्री मामाने एक फोटो टाकला. चुरगळलेला, घडीवर फाटत आलेला कागद: आडत्याकडची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब. तारीख मे महिन्याची. वीस किलोचं कॅरेट, भाव तीस रुपये. त्याखाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि सगळं वजा जाता शेवटच्या ओळीत जी रक्कम उरली होती तिच्यात डोंबिवली स्टेशनबाहेर चौघांचा चहा-वडापाव झाला नसता. मामाने वर काही लिहिलं नव्हतं. रागाचा चेहरा नाही, हात जोडलेले नाहीत, नुसता कागद. सगळ्यांनी पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि कोणीही काही बोललं नाही. सकाळी सहाला वहिनीने गुलाबाचं ‘शुभ सकाळ’ टाकलं, मग आणखी कोणी संकष्टीचा गणपती टाकला, आणि ती पट्टी वर सरकत सरकत दिसेनाशी झाली.

त्या वर्षी मे महिन्यात नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, कारण मंडईपर्यंत नेण्याचं भाडंही निघत नव्हतं. ज्यांचे हात पोळले त्यांनी उभ्या पिकाकडे पाठ फिरवली, त्यात पाऊस आणि रोग आले, आणि जुलैत आपल्याला हसायला विषय मिळाला. मधे फक्त दोन महिने होते.

महागाईबद्दल ‘जनतेचा संताप’ सोशल मीडियावर उसळला, असं बातम्यांत वाचते तेव्हा मला ती पट्टी आठवते. संताप खोटा असतो असं मला म्हणायचं नाही. पण पडद्यावर येतो तो संतापाचा फक्त तेवढाच तुकडा, जो चारचौघांत बोलायला लाज वाटत नाही. आणि सरकारच्या कानावर जातो तोही तेवढाच. बाकीची महागाई, जी खरोखर घर पोखरते, ती मुकी राहते. ओरडलेल्या महागाईचा इलाज मात्र कुणाच्या तरी शेतात जाऊन केला जातो.

आधी त्या ओरडण्याची तऱ्हा पाहू. २३ मे २०१२ ला पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांनी महागलं, तेव्हा ट्विटर नवं होतं आणि मोठमोठे नट त्यावर विनोद करत होते. अमिताभ बच्चन यांचं तेव्हाचं ट्विट बऱ्याच जणांना आठवत असेल: पंपावरचा माणूस विचारतो कितीचं टाकू, मुंबईकर म्हणतो दोन-चार रुपयांचं गाडीवर शिंपड, जाळून टाकायची आहे. नऊ वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, परभणीसारख्या शहरांत पेट्रोल शंभरीच्या दारात उभं होतं. तेव्हा लोकांनी ही जुनी ट्विटं उकरून काढली. काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी तर बच्चन आणि अक्षय कुमार यांनी आता तोंड उघडलं नाही तर त्यांचं चित्रीकरण महाराष्ट्रात होऊ देणार नाही, असा इशारा दिला. २०१२ ला हसणारे आणि २०२१ ला हसणारे एकच लोक नव्हते. २०१२ ला ज्यांना महागाई दिसत होती त्यातल्या बऱ्याच जणांना २०२१ मध्ये ती ‘राष्ट्र उभारणीसाठीचा कर’ वाटू लागली, आणि २०१२ ला ‘जगातच तेल महागलंय’ म्हणणारे आता टाकीवर हात ठेवून रडत होते. पेट्रोल तेच, पंप तोच, ओरडणाऱ्यांनी जागा बदलल्या एवढंच. (परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग का, तर ते मनमाडच्या डेपोतून इतकं लांब आणावं लागतं म्हणून. यावर मीम बनवणं कठीण आहे.)

गॅस सिलिंडरचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी पाठ केलेलं आहे. एक फॉरवर्ड सांगतं, २०१४ च्या सुरुवातीला सिलिंडर ४१४ रुपयांना होता, आज बघा. त्याखाली लगेच दुसरं येतं, २०१४ च्या जानेवारीत सिलिंडर १,२४१ रुपयांना होता, आज बघा. मग भांडण, मग कोणीतरी ‘लेफ्ट’. गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत. ४१४ हा दिल्लीतला अनुदानित दर, १,२४१ हा विनाअनुदानित. वर्षाला नऊ अनुदानित सिलिंडरची मर्यादा होती, ती त्याच महिन्यात बारावर नेली. त्यावेळच्या सर्वसाधारण घराला सिलिंडर ४१४ लाच पडायचा, फरक सरकार भरायचं. पुढे अनुदान खात्यात जमा होऊ लागलं आणि २०२० च्या मे महिन्यापासून बहुतेक घरांसाठी ते जवळपास शून्यावर आलं. ‘अनुदान गेलं’ हा खरा मुद्दा, आणि तो दोन्ही फॉरवर्डमध्ये नाही. कारण तो मांडायचा तर त्याच्या मागे प्रश्न येतो: अनुदान कुणाला असावं, कितीला असावं, पैसे कुठून आणायचे. एवढं लांब वाचायला कोण थांबतं? त्यापेक्षा रस्त्यावर सिलिंडर घेऊन बसलेल्या स्मृती इराणींचा जुना फोटो टाकला की काम भागतं.

आणि ‘स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपया म्हणजे एक डॉलर होता’ हे तर दर पंधरा ऑगस्टला येतं. १९४७ मध्ये रुपया पौंडाला बांधलेला होता, एका पौंडाला सव्वातेरा रुपयांच्या आसपास, आणि त्या हिशेबाने डॉलर साधारण तीन रुपये तीस पैशांना पडायचा. हे मी दोनदा ग्रुपवर लिहिलं. दोन्ही वेळा काकांनी उत्तर दिलं, “असेल, पण स्वस्ताई होती की नाही?” वाद तिथेच संपतो, कारण काकांना डॉलरचा दर सांगायचाच नव्हता. त्यांना त्यांच्या तरुणपणाचा पगार आठवत होता.

सरकारी आकड्यांची खिल्ली हा दुसरा आवडता प्रकार. २०२५ च्या ऑक्टोबरचा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आला, त्या वेळच्या आकड्यांच्या मालिकेतला सर्वांत कमी. बातमीखाली हजारो प्रतिक्रिया: ‘कुठल्या देशात?’ ‘आमच्या वाण्याला सांगा.’ ‘हा आकडा काढणाऱ्याला एकदा बाजारात पाठवा.’ खरं तर हा आकडा बाजारात जाऊनच काढलेला असतो. महागाईचा दर शून्याजवळ आला म्हणजे भाव उतरले असं होत नाही, ते गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा फारसे चढले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्क्यांवर पोचली होती, त्या डोंगरावर उभं राहून पाहिलं तर पुढचं सगळं सपाटच दिसणार.

पण प्रतिक्रिया देणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळं होणाऱ्या अर्थपंडितांशीही माझं जमत नाही. त्या आकड्यामागची टोपली, म्हणजे घरखर्चात कशाला किती वजन द्यायचं याची यादी, २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवर बेतलेली होती. तिच्यात खाण्यापिण्याला जवळपास ४६ टक्के जागा, शिक्षणाला साडेचार टक्के, आरोग्याला सहाच्या आत. माझ्या मजल्यावरच्या चार घरांत शिक्षणावर साडेचार टक्के खर्च करणारं एकही घर नाही. दोन घरांत तो पगाराच्या पाचव्या हिश्श्यापुढे गेलाय. २०२२-२३ च्या पाहणीत शहरी घरांचा खाण्यावरचा खर्च ३९ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. भाजी स्वस्त झाली की त्या जुन्या टोपलीत सगळंच स्वस्त झाल्यासारखं दिसायचं. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी मुंबई-नागपूरसह अनेक शहरांत घराघरांत जाऊन विचारते, तुम्हाला महागाई किती वाटते? लोकांचा आकडा जवळपास नेहमीच सरकारी आकड्याच्या वर असतो. त्याला एक साधं कारण आहे. आपण रोज घेतो त्याचे भाव लक्षात ठेवतो, वर्षातून एकदा घेतो त्याचे विसरतो. दूध, कोथिंबीर, रिक्षा. माझ्या भाजीवालीकडे चार वर्षांपूर्वी पाव किलो भेंडीवर मिरची-कोथिंबीर फुकट मिळायची. आता ती कोथिंबिरीच्या जुडीतून मोजून चार काड्या ओढते आणि माझ्याकडे न बघता पिशवीत टाकते. हे चार काड्यांचं कुठल्या टोपलीत मोजणार? बिस्किटांच्या पाच रुपयांच्या पुड्याचंही तेच, किंमत जागच्या जागी आणि पुडा आकसत चाललेला.

तर रोजच्या वस्तू लक्षात राहतात, म्हणून त्यांच्यावर बोललं जातं. इथवर सगळे अर्थशास्त्रवाले सांगतात. मला वाटतं आणखी एक कारण आहे आणि ते जास्त मोठं आहे. कांदा महाग झाला असं म्हटलं की मी गरीब ठरत नाही. कांदा सगळ्यांना महाग असतो. सोसायटीतल्या तीन बीएचकेवाल्यांनाही, त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनाही. त्या तक्रारीत एक सामुदायिक मौज आहे, पावसाला नावं ठेवण्यासारखी. पण ‘मुलीची फी परवडत नाही’ असं लिहिलं की ती माझी तक्रार उरत नाही, माझी कबुली होते. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडले, घरभाडं वाढलं म्हणून स्टेशनपासून आणखी दोन किलोमीटर आत सरकलो, हप्ता चुकला म्हणून वसुलीवाल्याचा फोन येतो: हे कोण स्टेटसला ठेवतं?

माझ्या मुलीच्या शाळेचा एक ग्रुप आहे. शाळेचं नाव राहू दे. तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात, आपण वाचायचं. यंदा मार्चमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी तिथे एक पत्रक आलं. पहिले दोन परिच्छेद मूल्यशिक्षणावर, तिसऱ्यात ‘सुधारित शुल्करचना’. ट्युशन फी बारा टक्क्यांनी वर, शिवाय ‘डिजिटल लर्निंग’ नावाची एक नवी ओळ. पालकांचा वेगळा, शाळेला न दाखवता चालवलेला ग्रुप आहे, दीडशे जणांचा. एरवी तिथे मराठीच्या वहीला कोणतं कव्हर लावायचं यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. त्या संध्याकाळी तासभर शांतता. मग एका बाबांनी लिहिलं, ‘सगळीकडेच वाढलंय.’ त्यावर अंगठे. एका आईने लिहिलं, ‘क्वालिटी हवी तर थोडं...’ आणि पुढे तीन टिंबं. त्या तीन टिंबांत सगळं आलं. ‘आम्हाला जड जातंय’ असं एकानेही लिहिलं नाही. त्यातल्या निदान चौघींशी माझं फोनवर बोलणं झालं होतं आणि चौघींचा आवाज रडवेला होता. साडेनऊला आणखी एका आईने कांद्याचं मीम टाकलं, आणि मग काय, ग्रुप जिवंत झाला! हसून हसून पाणी काढणारे चेहरे, मोजले तर सतरा. मला तेव्हा कळलं की ते लोक फीवरच हसत होते.

मुक्या महागाईला राजकारणात भाव नसतो. बोलक्या महागाईला मात्र सरकारं जुन्या काळापासून घाबरतात. १९८० ची निवडणूक इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावावर गाजवली, १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीतलं भाजपचं सरकार कांद्याने पाडलं. ही दहशत आजच्या मोबाइलवर दसपटीने वेगात पसरते. मग सरकार काय करतं? जे सगळ्यात पटकन करता येतं ते. २०२२ च्या मे महिन्यात गहू निर्यातबंदी, २०२३ च्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. डिसेंबरात थेट निर्यातबंदी, आधी मार्चअखेरपर्यंत, मग पुढेही. लासलगावात भाव काही दिवसांत जवळपास निम्म्यावर आले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. आणि एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची वाट मोकळी झाली तेव्हा आमच्या ग्रुपवरची गावाकडची अर्धी बाजू पहिल्यांदा पेटून बोलली. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान दराची अट ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावं लागलं.

हा सगळा काळ मामाने चाळीत कांदा ठेवून काढला. चाळ म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं: बांबू-पट्ट्यांची, खालून-बाजूने वारा खेळेल अशी उंच मांडणी, वर पत्रा किंवा उसाचं पाचट. मार्च-एप्रिलात काढलेला उन्हाळ कांदा त्यात भरून ठेवायचा आणि पावसाळ्यात भाव येईल या आशेवर थांबायचं. थांबता थांबता तो वजनाला घटतो, कोंब फुटतात, खालचा थर सडतो. चाळीपाशी उभं राहिलं की तो वास आधी गोडसर येतो आणि मग घशाला लागतो. मामा रोज सकाळी हातात बॅटरी घेऊन खालच्या थरात बघतो. त्याला शहरातल्या भावाचं कौतुक नाही आणि रागही नाही. तो फोन करतो आणि एकच विचारतो, “काय गं, तिकडं काय भाव चाललाय?” मी म्हणते पन्नास. तो म्हणतो, “हं.” त्या हं-मध्ये वजाबाकी असते. रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याकडे जातात, टोमॅटोचे ३३. उरलेले चौसष्ट पैसे कुठे जातात यावर एखादं तरी चांगलं मीम व्हायला हरकत नव्हती.

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, भाडं कापून हातात पडला दोन रुपयांचा चेक, तोही पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. हा सोशल मीडियाचा चांगला उपयोग झाला असं मीही म्हणाले होते. पण त्या फोटोखाली हळहळलेली माणसं सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कांदा चाळीसच्या पुढे सरकताच ‘सरकार झोपलंय का’ म्हणून विचारत होती, आणि सरकार जागं झालं ते थेट ४० टक्के शुल्क घेऊन. त्याच आठवड्यात मालेगावचे मंत्री दादा भुसे म्हणाले की दहा लाखांची गाडी वापरणाऱ्याने कांद्याला दहा-वीस रुपये जास्त द्यावेत, आणि ज्याला परवडत नाही त्याने दोन-चार महिने नाही खाल्ला तर काय बिघडतं. राज्यभर त्यांची टर उडाली. मंत्र्याने असं बोलू नये हे खरंच. चाळीस रुपयांचा कांदा ज्याला खरोखर सुटतो त्याच्याकडे दहा लाखांची गाडी नसते. पण आमच्या गावाकडच्या बाजूला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. मामाने ग्रुपवर त्या बातमीला अंगठा दिला होता. एवढाच. त्याच्या आधी आणि नंतर त्याने कुठल्याच मंत्र्याला अंगठा दिलेला मला आठवत नाही.

लोकसभेच्या वेळी, २०२४ ला, दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, कांदापट्ट्यातल्या इतर जागांवरही सत्ताधाऱ्यांना फटका बसला, आणि कांदा नडल्याचं त्यांच्याच नेत्यांनी उघड कबूल केलं. तेव्हा काही महिने तरी ‘शेतकऱ्याचा भाव’ हा शब्द शहरी प्रतिक्रियांत दिसू लागला. आता पुन्हा तो गेलाय. ऑक्टोबर २०२५ चा तो ०.२५ टक्के आकडा ज्या वजा ५ टक्के खाद्यमहागाईवर उभा होता, ती वजा पाच टक्के म्हणजे मामाच्या चाळीतला कांदा. ‘कुठल्या देशात?’ याचं उत्तर ‘निफाड तालुक्यात’ असं होतं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० मध्ये चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं तेव्हा ‘भीक नको, घेऊ घामाचे दाम’ म्हणत रस्त्यावर आलेला शेतकरी आणि मुंबईतल्या महागाईने पिचलेली गृहिणी हे समोरासमोरचे पक्ष मानले गेले. मला तो निवाडा पूर्ण पटत नाही. त्याच्या आठ वर्षं आधी, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. त्या बायका नुसत्या ‘महागाई, महागाई’ करत नव्हत्या. तेल, साखर, धान्य, रॉकेल रेशनवर मिळालं पाहिजे, पुरेसं आणि वेळेवर, असं त्या मागत होत्या. साठेबाजाच्या गोदामाचा पत्ता त्यांना ठाऊक असायचा. शेतकऱ्याला कमी द्या असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचं भांडण मधल्या गोदामाशी होतं. एकमेकांचे पक्ष पटत नसलेल्या, समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका त्या समितीत एकत्र बसायच्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे होईल का? तिथे पाणीपट्टीवरून दोन पक्ष पडतात.

जुना काळ थोर होता असं म्हणायला मी बसलेली नाही. लाटणं उचललं म्हणून भाव उतरले असंही झालं नाही. १९७४ मध्ये घाऊक महागाई वीस टक्क्यांच्या वर होती. आणि मीमला मी कमी लेखत नाही. फुकटात हसता येणं ही महागाईतली शेवटची चैन आहे. माझी अडचण एवढीच की त्या हसण्याला पत्ता नसतो. लाटण्याला होता.

पत्ता असला की काय होतं याचं एक ताजं उदाहरण मोबाइलचं आहे. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनी रिचार्ज महाग केले, काही ठिकाणी पंचवीस टक्क्यांच्या आसपास. लोकांनी मीम्स केली, पण सोबत एक साधी कृतीही फिरली: नंबर बीएसएनएलला कसा न्यायचा, कोणता मेसेज कुठे पाठवायचा. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. पुढे नेटवर्क मिळेना म्हणून पुष्कळ जण परत फिरले ते सोडा. पण तिथे राग कुठे तरी गेला तरी. फी वाढली तर नंबर पोर्ट करतात तसं मूल पोर्ट करता येत नाही, म्हणून तिथे आपण गप्प बसतो आणि घसा कांद्यावर मोकळा करतो.

वास्तविक फीसाठी लाटण्यापेक्षा सोपी वाट कायद्यातच आहे. महाराष्ट्रात शाळांच्या शुल्कावरचा २०११ चा कायदा आहे. फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, आणि ती वाढवायची तर दोन वर्षांतून एकदाच. दाद मागायला विभागीय समिती आहे. मात्र नंतरच्या दुरुस्तीने एक मेख मारून ठेवली: पालकांना तक्रार करायची तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यायला हवं. ज्याने ही टक्केवारी बसवली त्याला पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप चांगले माहीत असावेत.

आमच्या शाळेत साधारण बाराशे पालक, म्हणजे तीनशे सह्या. एप्रिलपासून आम्ही सहा-सात जणी शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेरच्या लिंबू-सरबतवाल्याच्या छत्रीखाली उभ्या राहतो, क्लिपबोर्ड घेऊन. ग्रुपवर लिंक टाकून पाहिली होती, तीन दिवसांत अकरा जणांनी भरली. प्रत्यक्ष समोर उभं राहिलं की लोक थांबतात, आधी वरची नावं वाचतात, ओळखीचं कोणी आहे का बघतात, मग पेन मागतात. काल दुपारपर्यंत एकशे चौऱ्याऐंशी झाल्या. कांद्याचं मीम टाकणारी ती आईही काल आली. मुलाचं दप्तर खांद्यावर, हातात अर्धा प्यालेला सरबताचा ग्लास. तिने पत्र पूर्ण वाचलं, ‘डिजिटल लर्निंग’च्या ओळीवर बोट ठेवून “हेच, हेच” म्हणाली. सहीसाठी पेन टेकवलं आणि थांबली.

“अगं, माझं नाव पहिल्या पानावर नको हं,” ती म्हणाली. “मधेच कुठेतरी घे.”

मी पानं उलटून तिला सातवं पान काढून दिलं.